नमुना तपासणाऱ्याची बढती

अन्नसुरक्षा आणि विषशास्त्र या क्षेत्रांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या या परिषदेने अध्यक्षपदाचा मान दिला, स्वागत समितीने व्यवस्थेत कसली कसर ठेवली नाही आणि मावळत्या अध्यक्षांनी आपल्या कार्यकाळाचा वृत्तान्त मोजक्या शब्दांत सादर केला, याबद्दल सर्वांचे आभार मानणे हे या स्थानाचे पहिले कर्तव्य होय. वर्षभरात दिवंगत झालेल्या सभासदांना आदरांजली वाहून झाल्यावर अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा या भाषणात येईल, मात्र अपेक्षेपेक्षा त्रोटक येईल. कारण या शास्त्रातल्या माणसाची कारकीर्द कशावर मोजली जाते, हा प्रश्न दर अधिवेशनात चहाच्या वेळी निघतो आणि व्यासपीठावर कधीच येत नाही, आणि तो व्यासपीठावर आणण्याची संधी प्रस्तुत वक्त्याला यापुढे मिळण्याचा संभव कमी आहे.

अन्नविषशास्त्राचे काम ढोबळमानाने दोन ठिकाणी चालते. पहिल्या ठिकाणी एखादा पदार्थ किती मात्रेत अपाय करतो हे ठरवले जाते: प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही ती घ्यायची आणि तिला सामान्यतः शंभराने भागायचे, कारण प्राण्यापेक्षा माणूस दहापट नाजूक असू शकतो आणि माणसामाणसांतही दहापट फरक असू शकतो असे गृहीत धरलेले असते. भागाकारातून येणारा आकडा म्हणजे त्या पदार्थाची दैनंदिन स्वीकार्य मात्रा, अर्थात जन्मभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी मात्रा. दुसऱ्या ठिकाणी बाजारातून, गिरणीतून किंवा दूध संकलन केंद्रातून सील होऊन आलेला नमुना फोडला जातो आणि त्यात तो पदार्थ ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे की नाही हे पाहिले जाते. पहिल्या ठिकाणच्या माणसाला संशोधक म्हणतात, दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला विश्लेषक. दोघांची पदवी बहुधा एकाच विषयातली असते, अनेकदा एकाच विद्यापीठाची असते, परंतु पहिल्याची बढती शोधनिबंधांवर होते आणि दुसऱ्याची, झालीच तर, सेवाज्येष्ठतेवर.

तक्रार नेमकी येथे आहे. विश्लेषकाच्या आयुष्यातले बहुसंख्य अहवाल ‘मर्यादेत आहे’ किंवा ‘आढळले नाही’ या शेऱ्याने संपतात, आणि तसे ते संपावेत हीच समाजाची इच्छा असते. या ‘आढळले नाही’चाही शास्त्रीय अर्थ फार मर्यादित आहे. प्रत्येक पद्धतीला एक शोधमर्यादा असते, म्हणजे जिच्याखाली विष आहे की नाही हे ती पद्धत खात्रीने सांगू शकत नाही अशी एक पातळी, आणि शेरा फक्त इतकेच सांगतो की जे काही असेल ते त्या पातळीच्या खाली आहे. तो शेरा खरा ठरावा यासाठी काचेची भांडी धुण्यापासून प्रमाण द्रावणाच्या ताजेपणापर्यंत जी काळजी घ्यावी लागते ती कोणत्याही निबंधात छापली जात नाही, मूल्यमापनाच्या तक्त्यात तिला रकाना नाही आणि निवड समितीत तिच्याविषयी प्रश्न विचारणारा सभासद अद्याप पाहण्यात आलेला नाही.

काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, हे दैनंदिन काम आहे, त्यातून नवे काही निघत नाही, म्हणून त्याला संशोधन म्हणता येणार नाही. या शास्त्राचा भारतातला इतिहास त्यांनी सवडीने पुन्हा वाचावा. 1974 च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांतील दोनशेहून अधिक गावांत आदिवासी कुटुंबांमध्ये काविळीची साथ पसरली, रुग्णांच्या पोटात पाणी होऊ लागले आणि नोंद झालेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. अशा वेळी संशय पहिल्यांदा विषाणूवर जातो. परंतु त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडत होती, आणि अवेळी पावसात भिजलेला, बुरशी चढलेला मका त्या घरांत रोजच्या भाकरीला वापरला जात होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मका तपासला, तेव्हा त्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅमच्या घरात अफ्लाटॉक्सिन निघाले. अफ्लाटॉक्सिन म्हणजे अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले यकृतविष. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीवर पोसलेल्या एक लाखाहून अधिक टर्की पक्ष्यांच्या मृत्यूनंतर त्याचा शोध लागला होता, आणि भारतीय नियमांत पुढे त्याची जी कमाल मर्यादा दीर्घकाळ राहिली ती किलोमागे 30 मायक्रोग्रॅमची होती, म्हणजे त्या मक्यात विष तिच्या शेकडो पट होते. मक्याच्या पिशव्या गोळा करणे, पीठ द्रावकात घुसळणे, अर्काचा थेंब पातळ थराच्या पट्टीवर चढवणे, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली निळा ठिपका शोधणे आणि तो प्रमाण ठिपक्याशी ताडून पाहणे हे सगळे दैनंदिन काम होते, आणि ज्यांच्या हाताला ते रोजचे होते त्यांनाच ते ऐन साथीत करता आले.

त्याच सुमारास सरगुजा भागात यकृतातील शिरा बंद होण्याची जी साथ आली तिचे मूळ गोंदली नावाच्या बारीक भरडधान्यात मिसळलेल्या, खुळखुळ्याच्या जातीतील एका रानझाडाच्या बियांत सापडले; तेथेही धान्य पाखडून बी वेगळे ओळखणारी नजर आधी लागली, रसायनशास्त्र नंतर आले. लाखोळीच्या डाळीने पाय लुळे पडतात हे विदर्भातल्या आणि मध्य भारतातल्या शेतमजुरांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होते, 1961 साली विक्रीबंदीचा केंद्रीय नियमही झाला, आणि तिच्यातील चेताविष मात्र 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी वेगळे करून दाखवले. त्याच वर्षी दिल्लीतही मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यन यांचे त्याच विषावरील काम प्रसिद्ध झाले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल मिसळल्याने होणारा जलशोफ 1998 साली दिल्लीत साठाहून अधिक बळी घेऊन गेला, तेव्हा त्या भेसळीची ओळख वैद्यकाला अनेक दशकांची जुनी होती. ज्ञान होते, तपासणारे हात पुरेसे नव्हते. आढाव्यात प्रत्येक शोधाचे श्रेय योग्य माणसांना मिळावे, परंतु त्या शोधांमागे रांगेने उभे असलेले नमुने कोणी तपासले हेही एखाद्या अधिवेशनाने विचारावे.

परदेशातले चित्रही फार वेगळे नाही, आणि तेथील एक उदाहरण सांगणे भाग आहे. जपानमधील मिनामाता येथील रासायनिक कारखान्याच्या रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी 1956 च्या मे महिन्यात अनोळखी चेतारोगाची खबर आरोग्य खात्याला दिली. नंतर त्यांनी कारखान्याचेच सांडपाणी मांजरांना अन्नातून देऊन पाहिले, आणि 1959 च्या ऑक्टोबरात चारशे क्रमांकाच्या मांजराला तोच रोग झाला. मासळीतून माणसांच्या पोटात जाणारा पारा कोठून येतो याचे उत्तर त्या मांजरात होते. कारखान्याने ते बाहेर येऊ दिले नाही, आणि होसोकावांनी न्यायालयासाठी साक्ष दिली ती 1970 साली, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना. त्यांच्या कारकिर्दीला कोणी यशस्वी म्हणणार नाही, अयशस्वी म्हणण्याचे धाडसही कोणी करू नये.

दुसरा वाद यंत्रांचा. द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून प्रत्येकाचे रेणुवजन ओळखणारे यंत्र, आल्यापासून शेकडो कीडनाशके एकाच वेळी तपासता येतात, त्यामुळे अनुभवी विश्लेषकाची गरज उरली नाही, असे या परिषदेच्या मागील दोन अधिवेशनांत ठासून मांडले गेले. त्यावर प्रस्तुत वक्त्याच्या उमेदवारीच्या काळातील एका खटल्याची हकिकत सांगितल्यास युक्तिवाद लांबवावा लागणार नाही. खटला हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचा होता. कायद्यानुसार विश्लेषकाचा अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य असतो, मात्र बचाव पक्षाला विश्लेषकाला उलटतपासणीसाठी बोलावता येते, आणि तसे या खटल्यात बोलावले गेले तेव्हा संबंधित ज्येष्ठ विश्लेषक निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी येऊन ते दुपारपर्यंत पुकाऱ्याची वाट पाहत बाकावर बसून होते, आणि त्यांच्या जुन्या कच्च्या वह्यांचे गाठोडे सांभाळण्यासाठी प्रयोगशाळेने एका उमेदवाराला सोबत दिले होते.

वकील हुशार होता आणि त्याने रसायनशास्त्र वाचले होते. चाचणी अशी होती: दोन ग्रॅम हळद मुशीत जाळून राख करायची, ती सौम्य सल्फ्युरिक आम्लात घेऊन गाळायची आणि डायफिनाइलकार्बाझाइडचे द्रावण घालायचे, गुलाबी रंग आला तर क्रोमेट आहे. वकिलाने विचारले की, प्रयोगशाळेत काचेची भांडी क्रोमिक आम्लाने धुतात हे खरे ना, आणि तसे असेल तर तो रंग हळदीतला कशावरून, भांड्यातला कशावरून नाही. कोर्टात क्षणभर शांतता झाली. विश्लेषकांनी वही उघडली, त्या दिवशीचे पान काढले आणि वाचून दाखवले की, हळदीच्या चाचणीआधी त्याच मुशीत, त्याच गाळणकागदातून, त्याच परीक्षानळीत हळद न घालता सर्व कृती केली होती, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ब्लँक चालवला होता, आणि रंग आला नव्हता; खाली वेळ होती, तराजूच्या वजनांच्या पडताळणीची तारीख होती, आणि मदतनीसाची सही होती. तेवढ्या एका नोंदीवर भेसळ सिद्ध झाली. ती नोंद कोणत्याही यंत्राने आपणहून केली नसती, कारण यंत्र ब्लँक तेव्हाच चालवते जेव्हा कोणी तरी तो चालवायला सांगतो. त्या विश्लेषकांच्या गोपनीय अहवालात संशोधनकार्याच्या रकान्यात अखेरपर्यंत ‘निरंक’ असे लिहिलेले होते, आणि ज्या पदावर ते रुजू झाले त्याच पदावरून, आश्वासित प्रगतीच्या योजनेतील वरच्या वेतनश्रेणीखेरीज काहीही न मिळता, निवृत्त झाले.

असे प्रसंग आता इतिहासजमा झाले, असा समज असल्यास 2015 चे प्रकरण आठवावे. त्या वर्षीच्या 5 जूनला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगी नूडल्सवर शिशाच्या प्रमाणाच्या कारणाने देशव्यापी बंदीचा आदेश काढला आणि 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला; नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले नाही, हे एक कारण आणि नमुने जेथे तपासले त्या प्रयोगशाळा कायद्याला अभिप्रेत असलेल्या मान्यतेच्या नव्हत्या, हे दुसरे. फेरतपासणी मोहाली, हैदराबाद आणि जयपूर येथील प्रयोगशाळांकडे सोपवली गेली. नूडल्स सुरक्षित होत्या की नव्हत्या, हा येथील मुद्दा नाही. देशाच्या सर्वांत गाजलेल्या अन्नसुरक्षा खटल्यात न्यायालयाने शोधनिबंधांची यादी मागितली नाही, प्रयोगशाळेची मान्यता मागितली. आणि मान्यता टिकते ती कच्च्या वहीतल्या नोंदींवर.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत आज त्या नोंदी कोण ठेवतो? अनेक ठिकाणी अकरा महिन्यांच्या करारावरचा तरुण किंवा तरुणी. अन्न सुरक्षा व मानके कायद्याने, म्हणजे 2006 च्या त्या कायद्याने ज्याने 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा मागे टाकला, अन्न विश्लेषकाला चौदा दिवसांत अहवाल देण्याचे बंधन घातले आहे. बाराव्या महिन्यात स्वतःची नोकरी राहील की नाही हे ज्याला माहीत नाही त्याच्याकडून हे बंधन पाळून घेतले जाते. करार संपल्यावर तो औषध कंपनीत जातो, तेथे त्याला दुप्पट पगार मिळतो, आणि त्याने शिकलेले बारकावे त्याच्याबरोबर जातात. त्याला दोष देण्याचे कारण नाही; ज्या वरिष्ठांनी दोन शास्त्रज्ञांची दोन पंगतींत वाटणी केली त्यांतले काही या सभागृहात पुढच्या रांगेत बसले आहेत, आणि प्रस्तुत वक्ताही अनेक निवड समित्यांत त्यांच्या शेजारीच बसत आला आहे.

राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा, पुणे, ही जुन्या कायद्याखाली देशातल्या चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळांपैकी एक होती, म्हणजे वाद झाल्यास अखेरचा शब्द तिचा असे. त्या पिढीतली काही माणसे अजून हयात आहेत. त्यांच्या आणि इतर प्रयोगशाळांतील निवृत्तांच्या कच्च्या वह्या, न्यायालयीन साक्षींची टिपणे आणि हाताने लिहिलेल्या चाचणीपद्धती एकत्र करून परिषदेने जतन कराव्यात, असा प्रस्ताव कार्यकारिणीसमोर ठेवला जाईल. बढतीच्या मूल्यमापनात न्यायालयात टिकलेला अहवाल, नव्याने पडताळलेली चाचणीपद्धती आणि प्रवीणता चाचणीतील, म्हणजे एकच अज्ञात नमुना अनेक प्रयोगशाळांना देऊन त्यांचे आकडे ताडण्याच्या उपक्रमातील कामगिरी यांना शोधनिबंधाच्या बरोबरीचे गुण असावेत, असा दुसरा ठराव आहे. त्याचा मसुदा तयार व्हायचा आहे आणि गुणांचे प्रमाण काय असावे यावर मतभेद आहेत. तिसरी गोष्ट सोपी आहे: पुढील अधिवेशनात एक संपूर्ण सत्र नकारात्मक निष्कर्षांसाठी, म्हणजे शोधले आणि सापडले नाही अशा कामांसाठी राखून ठेवावे. त्या सत्राला श्रोते मिळणार नाहीत, असे कार्यवाहांनी खासगीत कळवले आहे. सत्र तरीही ठेवावे, आणि वेळ सकाळची ठेवावी.