कान नावाचे गाव



फ्रान्सच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या काठी 'कान' नावाचे शहर आहे. नाव कान, पण जग तेथे जाते ते डोळे घेऊन. मे महिन्यात चित्रपट-महोत्सव भरतो, तांबड्या पायघड्या पसरतात आणि तारकांची छायाचित्रे आपल्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचतात. आम्ही एका कामगार-परिषदेहून परतताना तेथे दोन दिवस उतरलो ते ऑक्टोबरात. पाहण्यासारखे थोडे उरले होते. ऐकण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

सकाळीच फोरव्हिलच्या मंडईत गेलो. कोळी आपली मासळी मांडून बसले होते. भाषा कळेना, पण सूर ओळखीचा. भाऊच्या धक्क्यावर उभा राहिलेल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. कान हे मूळचे कोळ्यांचेच गाव. १८३४ साली ब्रूम नावाचे इंग्रज उमराव इटलीस निघाले होते. पटकीच्या साथीमुळे सरहद्द बंद झाली, म्हणून ते येथे थांबले आणि हवा मानवल्यामुळे बंगला बांधून राहिले. त्यांच्यामागून इतर श्रीमंत आले. वैभवाचा पाया असा पटकीने घातला!

बंदराच्या डोक्यावर ल स्युके ही जुन्या वस्तीची टेकडी आहे. अरुंद बोळ, दगडी पायऱ्या, माथ्यावर चर्च. तेथून एका हाताला बड्या हॉटेलांची रांग दिसते. दुसऱ्या हाताला ला बोका ही कामकऱ्यांची जुनी वस्ती. शहराच्या त्याच अंगाला कृत्रिम उपग्रह बनविण्याचा कारखाना आहे, हे किती प्रवाशांस ठाऊक असते? समोरच्या सेंट ऑनोरा बेटावरचे मठवासी जोगीसुद्धा स्वतः द्राक्षाचे मळे राखतात.

आता आमच्या आवडीची गोष्ट. हा महोत्सव १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू व्हायचा होता. त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर स्वारी केली आणि सारे राहून गेले. युद्धानंतर, १९४६ साली, तो प्रथम भरला. पुढल्या वर्षी महोत्सवासाठी नवी वास्तू उभारताना 'सी. जी. टी.' या कामगार संघटनेचे लोक मजुरी न घेता राबले. ती संघटना महोत्सवाच्या संचालक मंडळावर आजही आहे. चुन्याने माखलेल्या त्या हातांचे छायाचित्र मात्र कोणी भिंतीवर लावत नाही.

आणि १९४६ साली पारितोषिक कोणास मिळाले? सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांत विभागले गेले. त्यांतला एक आपला, चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. उंचावरचा धनिक आपल्या फायद्यासाठी गटार खालच्या वस्तीकडे वळवतो आणि खालची माणसे त्याविरुद्ध उभी राहतात, अशी त्याची कथा.

त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, २०२४ साली, पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला तेथे 'ग्राँ प्री' मिळाले. त्यात आपल्या छाया कदम यांनी रुग्णालयातील स्वयंपाकीण उभी केली आहे. घराचे कागद हाती नाहीत, बिल्डर उठवतो आहे, शेवटी ती रत्नागिरीची वाट धरते. आमच्या कचेरीच्या बाकावर अशा बाया रोज येऊन बसतात. पडद्यावरच्या पार्वतीसाठी टाळ्या वाजल्या, याचा आम्हांस आनंद आहे. बाकावरचीला अजून घर मिळालेले नाही.

त्याच २०२४च्या महोत्सवात, चित्रपट-महोत्सवांवर पोट असलेल्या हंगामी मंडळींनी संपाची हाक दिली होती. महोत्सव संपला की आम्ही बेकार. तेव्हा बेकारी-विम्याचे छत्र द्या, ही त्यांची मागणी. महोत्सव बंद पडला नाही. पण दिव्यांमागची माणसे एकदा तरी ऐकू आली.

असो. घड्याळाकडे अध्यक्षमहाराजांचे लक्ष गेलेले दिसते. जाता जाता एक विनंती. हा मंडप काही हातांनी बांधला आहे, आणि तुम्ही घरी गेल्यावर तेच हात या खुर्च्या उचलतील. निघताना त्यांच्याशी दोन शब्द बोला. त्यांना आजची मजुरी किती आणि ती केव्हा मिळणार, एवढे तरी विचारा. कान त्यासाठीच दिले आहेत.