‘बस आलं’ म्हणणारा विद्यार्थी



बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या मराठी माध्यमिक शाळांचा विषय निघाला की आपण बहुधा तक्रारीनेच सुरुवात करतो. रिक्त जागा, घटती पटसंख्या. तक्रारी खऱ्या आहेत, पण आज त्या बाजूला ठेवतो. तास सुरू झाल्यावर शिक्षकाच्या हातात काय असते, एवढेच मांडतो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. तोवर बीदर जिल्ह्यातच असलेले उदगीर आणि निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद म्हैसूर राज्यात आले. त्याच वर्षी राज्यघटनेत अनुच्छेद 350 क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण मिळावे, असे तो सांगतो, पण प्राथमिक टप्प्यापुरते. आठवी ते दहावीबद्दल तो गप्प आहे. तिथली मराठी बरीचशी वर्गातल्या शिक्षकावर उभी आहे.

आता वर्गात येऊ. आठवीतला मुलगा म्हणतो, “सर, बस आलं.” वर्ग हसतो, सर वाक्य दुरुस्त करतात, मुलगा खाली बसतो आणि मग वर्षभर तोंड उघडत नाही. आमच्याकडे महाविद्यालयात येणारी जी मुले उत्तरपत्रिकेत पानेच्या पाने पाठ केलेली लिहितात आणि स्वतःचे एक वाक्य बोलायला कचरतात, त्यांच्यातली कितीतरी अशीच खाली बसलेली असतात.

त्या मुलाचे वाक्य कुठून आले ते पाहा. कन्नडमध्ये पाऊस येवो, बस येवो, आकळु म्हणजे गाय येवो, क्रियापद एकच: ‘बंतु’. माणसे सोडली तर बाकी सारे नपुंसकलिंगी. मराठीत मात्र पाऊस आला, बस आली, पत्र आलं. मुलाने नियम मोडलेला नाही. एका भाषेचा नियम दुसरीत पाळला आहे. फळ्यावर दोन रकाने आखून ‘बंतु’समोर ‘आला, आली, आलं’ लिहा आणि तीन शब्द त्याच मुलाकडून भरून घ्या. जी मुले हसली, त्यांनाही लिंगविचार त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळतो. घरी मराठीच बोलणाऱ्या मुलाला बस स्त्रीलिंगी का, हे कुठे सांगता येते? (मलाही येत नाही, पण तो वेगळा विषय.)

‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतल्या दोन ‘च’चेही तेच. कन्नडला त्यातला पहिला नाही. तांड्यावरून येणाऱ्या मुलांची घरची बोली आणखी वेगळी, तिच्यासाठी तिसरा रकाना लागेल.

निबंधाबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलतो. प्रथम भाषेला 125 गुण, म्हणून ‘पावसाळ्यातील एक दिवस’ तोंडपाठ करून घेतला जातो. त्याऐवजी बीदरच्या मुलांना बिदरी काम कसे होते ते लिहायला सांगा. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, कानशीने घासतात. कोरताना नक्षी दिसावी म्हणून मोरचुदाने ते तात्पुरते काळे करतात. कोरलेल्या खाचांत चांदीची तार ठोकतात. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लावला की धातू कायमचा काळा होतो, चांदी तशीच चमकते. हे लिहिताना ‘आधी’, ‘मग’, ‘म्हणून’, ‘तोपर्यंत’ हे शब्द टाळताच येत नाहीत. वाक्य वाक्याला जोडावे लागते. चांदी काळी का पडत नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांना विचारायला मुले स्वतःच जातात. कलबुर्गीकडच्या मुलांनी तुरीच्या पेरणीपासून डाळीपर्यंतचा प्रवास लिहावा. आधी जोडीने एकमेकांना सांगावे, मग वहीत उतरवावे. ज्याचे लिहिणे कच्चे आहे त्याचे सांगणे पुष्कळदा पक्के असते.

यात पोर्शन मागे पडतो, अशी हरकत मुख्याध्यापक घेतील. महिन्यातले दोनच तास मागा. पहिली परीक्षा झाली की वह्या दाखवा.

आणि एक. गणिताचे शिक्षक ‘काटकोन त्रिकोण’ शिकवतात तेव्हा शेजारी ‘लंबकोन त्रिभुज’ हा कन्नड शब्दही लिहून ठेवावा. दहावीनंतर सगळीच मुले उदगीर-लातूरला जात नाहीत. जी इथे राहतात त्यांना तो लागतो. कन्नडचे शिक्षक आपल्याच स्टाफरूममध्ये बसतात. जूनमध्ये त्यांच्यासोबत तासभर बसून अशा पन्नास शब्दांची यादी करता येईल. बिदरीवर मुलांनी लिहिलेल्या काही वह्या मी सोबत आणल्या आहेत. चहाच्या वेळी जरूर चाळा.