इन्सुलिन आहे, पण बाकीचं?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी चहाच्या टेबलाजवळ "बिनसाखरेचा द्या" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की हजेरी घेतल्यासारखं वाटलं! गेटबाहेरच्या बोरं-चिंचांवर तुटून पडणारी हीच ती बॅच. मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून संयोजकांनी मला याच विषयावर दहा मिनिटं दिली आहेत.

आपण भाग्यवान आहोत. सेवाग्राम आणि सावंगी, अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. उरलेले एकोणतीस दिवस साखर घरीच सांभाळायची असते. तिथेच गडबड होते.

पहिली गोष्ट सिरिंजची. आपल्याकडची साधी इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. ४० ची बाटली घेऊन नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलट केलं, तर २० ऐवजी ५० जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून दुकानात बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा जुळवा. दुकानदार घाईत असला तरी तुम्ही घाई करू नका.

दुसरी गोष्ट तपासणीची. स्ट्रिप लावण्याआधी हात साबणाने धुवा, कोरडे करा. आर्वी-कारंजा-आष्टीकडच्या मंडळींसाठी खास सांगतो: संत्रं सोलून तसंच बोट टोचलं, तर मशीन बोटावरच्या रसाचीही साखर मोजतं. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरती जात नाही. खोटा मोठा आकडा पाहून कोणी इन्सुलिन वाढवलं, तर घात होतो. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा. दमट हवेने त्या बिघडतात.

तिसरी गोष्ट आपल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की घराघरांत इन्सुलिनचे हाल होतात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. फ्रीज नसेल तर माठ आहे. एका मोठ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने हा उपाय इथे चांगला चालतो. कूलरचं तत्त्व तेच. फ्रीजइतकं गार होत नाही, म्हणून त्यात महिन्याचीच बाटली ठेवा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. साधारण चार आठवड्यांनी ती बाद. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करा. कचरा उचलणाऱ्या हातांचाही विचार करा.

आता ज्यासाठी उभा राहिलो, ते सांगतो. मधुमेह फक्त आपल्या वयाचा नाही. टाइप-१ मधुमेह शाळकरी मुलांना होतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. बाहेरून मिळालं नाही तर जीव जातो. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला इन्सुलिन मिळालेला पहिला रुग्ण लिओनार्ड थॉम्पसन, १४ वर्षांचा होता. म्हणजे आपल्या नववीतला पोरगा! शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. औषध सर्वांना मिळावं, हाच हेतू. आज शंभर वर्षांनंतर इन्सुलिन मिळतं, पण रोज तीन-चार स्ट्रिप घेणं मजुरी करणाऱ्या घराला जड जातं. मग तपासणीच बंद होते आणि डोस अंदाजाने चालतो.

असं मूल वर्गात घामाघूम झालं, थरथरलं, गप्प बसलं, तर ते आळशी नाही. त्याची साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना. अशा मुलांना वर्गात आणि परीक्षेत साखर तपासू द्यावी, खाऊ द्यावं, असं राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये शाळांसाठी कळवलं आहे.

म्हणून माझी विनंती आहे. आज जमलेल्या देणगीतून शाळेच्या कार्यालयात एक पेटी ठेवू या: ग्लुकोमीटर, स्ट्रिप, ग्लुकोज पावडर. आणि शाळेत असं मूल असेल, तर त्याच्या वर्षभराच्या स्ट्रिप आपली बॅच देईल. मुदत तपासून पेटी भरायचं काम माझ्याकडे. पुढच्या मेळाव्यात शाल-श्रीफळावरचा खर्चही यातच घालावा, असं सुचवतो. गुरुजनांना ते जास्त आवडेल, याची मला खात्री आहे.