घेणाऱ्याच्या बाजूला



"मुलांना घेऊन सुट्टीत कुठे जाता?" असं मघाशी कुणीतरी विचारलं. आम्ही रविवारी शेतकरी आठवडे बाजारात जातो. हसू नका. पुण्यात पणन मंडळाचे, संत सावता माळी यांच्या नावाचे असे बाजार ठिकठिकाणी भरतात. शेतकऱ्यांचे गट टेम्पोतून माल आणतात आणि स्वतःच विकतात. मध्ये अडत्या नाही.

गेल्या महिन्यात आबाही बरोबर होते. मंगळवारच्या बाजारात पोत्यावर माळवं मांडून बसलेले आबा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. शेजारी मी असायचो. मंगळवारी आपली निम्मी बाकं रिकामीच, आणि बुधवारी गणिताचे सर पाढ्यांऐवजी हिशेब विचारायचे: किती जुड्या, काय भाव, घरी किती नेले? तर असे आयुष्यभर विकणारे आबा प्रथमच घेणाऱ्याच्या बाजूला उभे होते. हात मात्र थांबेनात. समोरच्या मेथीच्या जुड्या मुळं एका अंगाला करून लावू लागले. विकणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही आमच्यातलेच दिसताय!"

मुलगी म्हणाली, "आजोबा, संध्याकाळी येऊ. जुडी निम्म्यात मिळते." आबा तिथंच क्रेटवर टेकले. म्हणाले, "कांदा-बटाटा परत नेता येतो, म्हणून त्याचा भाव टिकतो. मेथी संध्याकाळी मान टाकते. परत नेली तर गाडीभाडं अंगावर, अन् उद्या ती जनावरांपुढं. म्हणून भाव पाडावा लागतो. बियाणं, खत, काढणीची मजुरी काय संध्याकाळी निम्मी होते?" मुलीनं सांगितलेल्या भावात चार जुड्या घेतल्या. आमच्याकडे मेथी कुणी खात नाही, हे सौ.च्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग आबांनी खरा प्रश्न विचारला, "पट्टीपेक्षा परवडतं का?" ताई म्हणाल्या, "परवडतं. पण अख्खा दिवस माणूस अडकतो. पाऊस आला की गिऱ्हाईक फिरकत नाही. गट आहे म्हणून पाळ्या लावतो, एकटीला झेपलं नसतं."

हे मुद्दाम सांगतोय. आपल्या बॅचचे सहा-सात जण आजही भाजीपाला करतात. २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर थेट विकायला मोकळीक आहे. आमच्या सोसायटीत १८० घरं आहेत, आणि रविवारी आवारात जागा द्यायला कमिटी तयार आहे. गटाच्या कागदपत्रांची धावपळ मी करतो. जेवणानंतर शाळेच्या विहिरीपाशी बसू. कुणाचं काय, किती आणि कधी निघणार, तेवढं सांगा.