लंडनहून मराठी : वेणू चितळे आणि दूरदेशीचे निवेदक



आपला मुलूख सोडून दूर गेलेली आणि तिथे, परक्या भाषेच्या शहरात, माइकसमोर बसून आपल्याच भाषेत बोलणारी जी माणसं होऊन गेली, त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे. मानपुरात हा विषय मांडायला मिळतो आहे याचा मला आनंद वाटतो. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या या गावात, महू आणि इंदूरच्या परिसरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर माळवी, निमाडी किंवा भिली, हे तुमचं रोजचं जगणं आहे. त्यामुळे दुरून आपल्या भाषेत आलेला आवाज माणसाला का हवा असतो, हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

सुरुवात करतो ती शिरोळच्या एका मुलीपासून. वेणू दत्तात्रेय चितळे यांचा जन्म १९१२ साली कोल्हापूर संस्थानातल्या शिरोळ गावी झाला. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. पुढे शिक्षण झालं आणि क्विंटा डू प्रीझ या शिक्षिकेचा मोठा आधार मिळाला. त्यांच्याच सोबतीनं १९३०च्या दशकात वेणूताई शिकायला लंडनला गेल्या. त्या काळी मराठी घरातली एक अविवाहित मुलगी समुद्रापार जाते आणि शिकत राहते, ही साधी गोष्ट नव्हती. १९३९ साली महायुद्ध पेटलं. परत येण्याच्या वाटा अवघड झाल्या आणि वेणूताई इंग्लंडातच राहिल्या. १९४० साली त्यांनी बीबीसीत काम सुरू केलं.

बीबीसीच्या हिंदुस्तानी प्रसारणाला त्याच वर्षी मे महिन्यात आरंभ झाला होता. त्याची धुरा झुल्फिकार अली बुखारी यांच्याकडे होती. हे बुखारी पुढे रेडिओ पाकिस्तानचे प्रमुख झाले. आपण ज्यांना हिंदी चित्रपटांमुळे ओळखतो ते बलराज साहनी आणि त्यांच्या पत्नी दमयंती याच काळात लंडनमध्ये बीबीसीसाठी निवेदन करत होते. १९४१च्या ऑगस्टमध्ये बीबीसीच्या भारतीय विभागात एक इंग्रज लेखक नोकरीला लागला. त्याचं खरं नाव एरिक ब्लेअर, जग त्याला जॉर्ज ऑर्वेल म्हणतं. बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेल्या या लेखकाच्या कार्यालयात त्याची सहकारी म्हणून वेणूताईंनी काम केलं.

आता मराठी प्रसारणाकडे वळू. बीबीसीची मराठी सेवा १ मार्च १९४२ रोजी सुरू झाली. गुजरातीही त्याच दिवशी. ही तारीख नीट ध्यानात घ्या. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर जपानच्या हाती पडलं होतं. मराठी सेवेला आठवडा होतो न होतो तोच ८ मार्चला रंगून पडलं. इंग्रज सरकारला एकाएकी हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाच्या मनाची चिंता लागली. तोवर मुख्य भर इंग्रजी आणि हिंदुस्तानीवर होता. युद्ध दाराशी आल्यावर मात्र मराठी आणि गुजराती या भाषांचीही गरज भासली. सत्ता आपल्या भाषेत बोलू लागते तेव्हा बहुतेक वेळा तिला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. म्हणून त्या माइकमागे बसलेल्या आपल्या माणसावरची जबाबदारी फार मोठी असते.

काम कसं चाले तेही सांगतो. ऑर्वेल आठवड्याचं युद्धवृत्त इंग्रजीत लिही. त्याचं मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ भाषांतर होई आणि ती ती भाषा बोलणारा निवेदक ते वाचे. प्रत्येक मजकूर सुरक्षेच्या आणि धोरणाच्या अशा दोन तपासण्यांतून जाई. प्रक्षेपण चालू असताना भाषा जाणणारा एक माणूस मंजूर झालेला कागद पुढ्यात घेऊन बसे आणि त्याचा हात खटक्यावर असे. निवेदक कागदाबाहेर गेला तर आवाज तिथेच तोडता यावा, यासाठी ही व्यवस्था होती. मग तो आवाज लघुलहरींवरून, आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटत, हजारो मैल ओलांडून इकडे येई.

इकडे तो ऐकायला किती जण होते? फार थोडे. १९४७ साली साऱ्या देशात रेडिओचे परवाने पावणेतीन लाखांच्या आसपास होते. युद्धकाळात ते त्याहून कमीच. गावात एखाद्याच्या घरी संच असायचा आणि चारजण त्याच्याभोवती जमायचे. ऑर्वेललाही या कामाचा उपयोग होतो आहे असं वाटेना आणि १९४३च्या नोव्हेंबरात तो बीबीसी सोडून गेला.

तरीही १९४२चं ते वर्ष मराठी भाषेच्या इतिहासात मला विलक्षण वाटतं. त्या एका वर्षी मराठी श्रोत्याला साद घालणारे आवाज किती दिशांनी येत होते पाहा. लंडनहून बीबीसी. बर्लिनहून सुभाषबाबूंचं आझाद हिंद रेडिओ, ज्याच्या बातम्यांच्या भाषांमध्ये मराठीचाही समावेश होता. आणि खुद्द मुंबईत, ऑगस्टच्या 'चले जाव' ठरावानंतर, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेलं भूमिगत काँग्रेस रेडिओ. ते २७ ऑगस्टला सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडलं. तोवर जागा बदलत बदलत ते चालू राहिलं. वेणूताईंच्या शिरोळपासून फार लांब नसलेल्या वाळव्याच्या आणि साताऱ्याच्या गावांतून पुढच्याच वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं.

अशा वेळी लंडनमध्ये इंग्रजांच्या माइकसमोर बसलेल्या मराठी स्त्रीची अवस्था मनात आणा. हिटलर जिंकू नये हे खरं. आपला देश स्वतंत्र व्हावा हेही तितकंच खरं. ज्या शहरात आपण राहतो त्याच्यावर जर्मन बाँब पडले आहेत, आणि त्या शहराचं सरकार आपल्या माणसांना तुरुंगात टाकतं आहे. दूरदेशीच्या निवेदकाला अशी दोन सत्यं एकाच वेळी सांभाळावी लागतात. त्यातून सोपी सुटका नसते. बीबीसीत काम केलं म्हणून त्या पिढीच्या भारतीय निवेदकांना साहेबाचे चाकर म्हणणं अन्यायाचं आहे. वेणूताई १९४७ साली मायदेशी परतल्या आणि दिल्लीत विजयालक्ष्मी पंडितांबरोबर निर्वासितांच्या कामाला लागल्या. १९५०मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी आली. पुण्यातल्या एका एकत्र कुटुंबाच्या पिढ्यांची आणि त्याच काळात बदलत गेलेल्या देशाची ही कथा आहे. हा जीवनक्रमच त्यांच्या निष्ठेचा दाखला आहे.

वेणूताईंच्या कामातला आणखी एक भाग मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये १९४०च्या मार्चपासून मांसावर रेशन लागलं होतं. घराघरांतल्या बायकांना रोजचा स्वयंपाक कसा भागवावा हा प्रश्न पडला. बीबीसीच्या 'किचन फ्रंट' या कार्यक्रमातून वेणूताईंनी इंग्रज श्रोत्यांना बिनमांसाच्या भारतीय पदार्थांची माहिती दिली. ज्या साम्राज्यानं आपल्या खाण्यापिण्याला अडाणी ठरवलं होतं, त्याच्याच राजधानीतल्या गृहिणी अडचणीच्या काळात शिरोळच्या मुलीकडून स्वयंपाक शिकत होत्या. एकीकडे त्या आपल्या लोकांना जगाची खबर देत होत्या आणि दुसरीकडे परक्या लोकांना आपल्या घराची ओळख करून देत होत्या. चांगल्या निवेदकाला हे दोन्ही यावं लागतं.

१९४२मधलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ऑर्वेलच्या 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळचं. टेबलाभोवती कवी टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, तमिळ कवी तांबिमुत्तू, नारायण मेनन आणि जमैकाच्या उना मार्सन आहेत. या मार्सनबाईंनी वेस्ट इंडीजच्या लोकांसाठी बीबीसीचे कार्यक्रम उभे केले. आणि याच मंडळीत वेणू चितळे बसलेल्या आहेत. मराठी साहित्याच्या आणि पत्रकारितेच्या इतिहासात हे नाव किती जणांना ठाऊक आहे? ते आपल्या शाळांतून सांगितलं जायला हवं, असं मी आग्रहानं म्हणतो.

हा अनुभव केवळ मराठीचा नाही. अमेरिकेत मेक्सिकोहून गेलेल्या लोकांनी स्पॅनिश भाषेतलं प्रसारण कसं उभं केलं, ते पाहण्याजोगं आहे. पेद्रो गोन्झालेझ हा माणूस मेक्सिकोच्या क्रांतीत पांचो व्हिलाच्या सैन्यात तारायंत्र चालवत होता. पुढे तो लॉस एंजेलिसला आला आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओवर गाणी आणि बातम्या देऊ लागला. कार्यक्रमाची वेळ पहाटेची. त्या वेळेचं भाडं कमी, आणि शेतमळ्यांवर, बांधकामावर राबणारा त्याचा श्रोता त्याच वेळी उठलेला. मजूर हवे असतील तर तेही तो सांगे. मग मंदी आली आणि मेक्सिकन लोकांना हाकलण्याची मोहीम सुरू झाली. गोन्झालेझ त्याविरुद्ध बोलला. १९३४मध्ये त्याला खोट्या आरोपाखाली अटक झाली, पन्नास वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. साक्ष फिरली तरी तो सहा वर्षं तुरुंगात राहिला आणि १९४०मध्ये सुटला तो थेट देशाबाहेर काढला गेला. हजारो श्रोत्यांचा विश्वास लाभलेला आवाज सत्तेला किती सलतो, हे त्याच्या आयुष्यानं दाखवलं.

दुसरा राउल कोर्तेझ. मेक्सिकोतल्या हालापा शहरात १९०५ साली जन्मलेला हा माणूस टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत आला. दुसऱ्याच्या केंद्रावर तासागणिक वेळ विकत घ्यायचा, जाहिराती स्वतः मिळवायच्या आणि स्पॅनिशमध्ये कार्यक्रम करायचा, असं त्यानं बराच काळ केलं. १९४६मध्ये त्यानं स्वतःचं केसीओआर केंद्र काढलं आणि १९५५मध्ये स्पॅनिश दूरचित्रवाणी केंद्र. पुढे युनिव्हिजन नावानं जे विशाल जाळं उभं राहिलं त्याचं मूळ इथे आहे. याच युनिव्हिजनवर होर्हे रामोस यांनी १९८६पासून २०२४च्या अखेरीपर्यंत बातम्या दिल्या. १९८३ साली शिकायला म्हणून मेक्सिको सिटीहून ते लॉस एंजेलिसला आले होते. २०१५मध्ये उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांच्या पत्रकार परिषदेत स्थलांतरितांविषयी प्रश्न विचारायला ते उभे राहिले तेव्हा त्यांना सभागृहाबाहेर काढण्यात आलं. थोड्या वेळानं ते परत आले आणि त्यांनी तेच प्रश्न विचारले.

या तिघांना आणि वेणूताईंना जोडणारा धागा कोणता? यांनी आपली भाषा आठवणींसाठी राखून ठेवली नाही. मजुरी कुठे मिळेल, युद्ध कुठवर आलं, रेशनमध्ये स्वयंपाक कसा करावा, सरकार आपल्याशी कसं वागतं आहे, हे सगळं त्यांनी त्या भाषेत सांगितलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. घरापासून दूर गेलेली भाषा सणावारांच्या आणि आरत्यांच्या बळावर काही काळ तग धरते. पण तिच्यात आजची बातमी सांगितली जाते तेव्हाच तरुण माणूस तिच्याकडे वळतो, कारण त्याला तिची गरज पडते.

बीबीसीची मराठी सेवा १९५८च्या डिसेंबरात बंद झाली. इंग्रजांचं राज्य गेलं होतं, कारण उरलं नव्हतं. जवळजवळ साठ वर्षांनी, २ ऑक्टोबर २०१७ रोजी, ती पुन्हा सुरू झाली, या वेळी इंटरनेटवर, कारण मराठी वाचक-श्रोता आता तिथे मोठ्या संख्येनं होता. दुसऱ्यानं दिलेली सोय दुसऱ्याच्या गरजेनुसार येते आणि जाते. कोर्तेझनं हे ओळखलं म्हणून त्यानं स्वतःचं केंद्र काढलं.

इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ सालापासून माळव्याचा आवाज झालं आहे. आज त्याच्या जोडीला आणखी वाटा मोकळ्या आहेत. २००६च्या धोरणापासून नोंदणीकृत सामाजिक संस्थेलाही सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येतो. अशा केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर पोहोचतो आणि किमान निम्मा मजकूर स्थानिक असावा लागतो. केंद्र काढणं आज झेपत नसेल तर हातातल्या मोबाइलवर आठवड्याला अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण तरी नक्की झेपेल. त्यात लसणाचा आणि सोयाबीनचा भाव असू दे, घाटातल्या रस्त्याची स्थिती असू दे, शाळाप्रवेशाच्या तारखा असू द्या, नगर परिषदेला विचारायचे प्रश्न असू द्या. आणि मराठीपुरतं थांबू नका. जानापावच्या डोंगराखालच्या पाड्यांत भिली बोलली जाते, गावागावांत माळवी आणि निमाडी आहे. त्या बोलणाऱ्यांचाही स्वतःच्या भाषेतल्या बातमीवर तितकाच हक्क आहे. शेजारी भाषांना जागा देणारं केंद्रच या मातीत टिकेल.

इथे बसलेल्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. वेणूताई लंडनला गेल्या तेव्हा मराठीत निवेदन करण्याची नोकरी तिथे त्यांची वाट पाहत नव्हती. त्यांनी भाषा नीट राखली, जग नीट समजून घेतलं आणि वेळ आली तेव्हा त्या तयार होत्या. स्पष्ट बोलायला शिका, कागदावर लिहिलेलं तपासून घ्यायला शिका, आणि ऐकणाऱ्याला खोटं कधी सांगू नका. माइक कोणाच्याही मालकीचा असो, निवेदकाचं इमान श्रोत्याशी असलं पाहिजे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत तुमच्यापैकी कोणीतरी मानपूरचं स्वतःचं बातमीपत्र या व्यासपीठावरून वाचून दाखवावं, ही माझी इच्छा आहे आणि ती पुरी होईल अशी खात्रीही आहे.