सभागृहातली काळी पेटी



व्यासपीठामागच्या कपाटात आपल्या १९९६ च्या तुकडीने शाळेला दिलेली एक काळी पेटी आहे. तिचे नाव डिजिटल ऑडिओ कॉन्फरन्सिंग प्रोसेसर. परदेशी असलेली आपली मंडळी आणि प्रकृतीमुळे येऊ न शकलेल्या बाई आज तिच्यामार्फतच आपल्यात आहेत. मी सॉफ्टवेअरवाली, पण जोडणी मी केली म्हणून ती समजावून सांगण्याचे कामही संयोजकांनी माझ्यावरच टाकले आहे. थोडक्यात सांगते.

प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला एक दशांश सेकंद मध्ये जावा लागतो, म्हणजे भिंत साधारण १७ मीटरवर हवी, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकलो. आपले सभागृह तेवढे लांब नाही. मग भीती कशाची? बाईंचा आवाज इथल्या स्पीकरमधून येतो, आपल्या माइकमध्ये शिरतो आणि परत त्यांच्याकडे जातो. इंटरनेटवरच्या या फेरीला एक दशांश सेकंदाहून जास्त वेळ सहज लागतो. स्वतःचेच शब्द असे मागून येऊ लागले की माणूस अडखळतो आणि शेवटी गप्प बसतो. हा दोष आपल्याला इथे ऐकूच येत नाही. त्रास होतो तो पलीकडच्यांना, आणि ते संकोचाने बोलत नाहीत.

पेटीचे मुख्य काम हेच. स्पीकरला काय पाठवले हे तिला माहीत असते. त्याचा किती अंश माइकमध्ये परतेल याचा ती सतत अंदाज घेते आणि तेवढा वजा करते. स्वतःला जुळवून घेणाऱ्या अशा यंत्रणेवर बेल लॅबचे मनमोहन सोंधी यांनी १९६७ साली निबंध प्रसिद्ध केला होता. यातून जोडणीचा पहिला नियम निघतो: लॅपटॉपचा आवाज आधी पेटीत, पेटीतून अँप्लिफायरला. लॅपटॉपची वायर थेट अँप्लिफायरला लावली, तर काय वजा करायचे हे पेटीला कळणारच नाही.

दुसरा नियम वायरींचा. माइकचा सिग्नल व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो, आणि त्याच भिंतीवरून पंख्यांच्या वायरी जातात. म्हणून माइकच्या केबलमध्ये दोन तारा आणि भोवती जाळी असते. दोन्ही तारांत तोच सिग्नल, पण उलट दिशेचा. बाहेरची घरघर मात्र दोन्हींत सारखीच येते. पेटी दोन्हींतला फरक घेते, त्यामुळे घरघर जाते आणि आवाज उरतो. अधिक, उणे आणि जाळी यांची जागा म्हणूनच बदलू नये. केबल विजेच्या वायरीला समांतर नेऊ नये, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी. हिरव्या कनेक्टरच्या स्क्रूखाली तार तशीच दाबावी, सोल्डर लावून नाही. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकते आणि पकड सैल होते.

तिसरा नियम: ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा ज्या माइकला लागतो, त्याच चॅनलला चालू ठेवावा. बोलणाऱ्याखेरीज बाकीचे माइक बंद असावेत. उघडे माइक दुप्पट झाले की गोंगाट ३ डेसिबलने वाढतो.

आता विनंती. देणगी देऊन आपण मोकळे होऊ, पण वायर निघाली की पेटी कायमची कपाटात जाईल. तसे झाले तर पुढच्या वेळी बाई आपल्यात नसतील. म्हणून प्रत्येक वायरीला मी चिठ्ठी लावली आहे आणि जोडणीचा नकाशा कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. प्रयोगशाळेतल्या दादांना आणि नववीच्या दोन मुलींना मी दिवाळीच्या सुट्टीत सगळी जोडणी सोडून पुन्हा करायला शिकवीन. आपल्या तुकडीतून पुण्या-मुंबईचे आणखी दोघे हवे आहेत. जेवणाच्या वेळी नावे द्या.

आणि एक. कार्यक्रमाआधी पलीकडच्यांना नुसते ‘ऐकू येतंय का?’ विचारू नका. ‘तुमचाच आवाज तुम्हाला परत येतोय का?’ हेही विचारा.