शीर्षकाबरोबर गोतावळाही हलावा

लिखाणाचा आराखडा संगणकावर शीर्षकं-उपशीर्षकांत मांडायची सोय जुनी आहे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संगणकतज्ज्ञ डग्लस एंगलबार्ट यांनी बाजारहाटाची साधी यादी पडद्यावर गटवार लावून दाखवली होती. अशा यादीतली ओळ एकटी नसते, तिच्या पोटात इतर ओळी असतात. म्हणून आराखड्याच्या एडिटरमध्ये सहज हाताला येणाऱ्या शॉर्टकटने नुसती ओळ नव्हे, तिचा सगळा गोतावळा हलवावा, असं माझं म्हणणं आहे.

२००३ साली खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी सुरू केलेला ऑर्ग मोड पाहा. त्यात ऑल्ट धरून वरचा किंवा खालचा बाण दाबला, की शीर्षक पोटातल्या मजकुरासह सरकतं. पण ऑल्ट आणि उजवा बाण दाबला, तर एकटं शीर्षकच एक पायरी खाली उतरतं. उपशीर्षकं जागच्या जागी राहतात. समजा, ‘बाजरी’खाली ‘ज्वारी’ हे शीर्षक आहे आणि ज्वारीच्या पोटात पेरणी, काढणी, साठवण. ज्वारी उजवीकडे सरकवताच ती बाजरीच्या पोटात जाते आणि पेरणी, काढणी, साठवण तिच्या शेजारी येऊन बसतात. ज्वारीची पेरणी बाजरीची झाली! सगळं सोबत न्यायचं तर शिफ्टही धरावी लागते. गंमत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून सांगतो: हेच शीर्षक मिटलेलं, म्हणजे त्याच्या पोटातल्या ओळी लपवलेल्या असतील, तर ऑर्ग मोड नकार देतो आणि शिफ्टवाली कळ वापरा असं सुचवतो. म्हणजे धोका त्यालाही ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, कधी कधी एकटं शीर्षकच हलवायचं असतं. खरं आहे; पण ती गरज क्वचितची, म्हणून जास्तीची कळ तिच्या वाट्याला यावी. कुणी म्हणेल, चूक झाली तर मागे घेता येतेच की. येते, पण ती दिसली तर. लांब आराखड्यात विस्कटलेली उपशीर्षकं पडद्याच्या खालीच राहून जातात. सर्वांत वजनदार आक्षेप जुन्या हातांचा आहे. वर्षानुवर्षांची सवय मोडू नये, हे मलाही मान्य आहे. त्यांच्यासाठी जुनी मांडणी सेटिंगमध्ये जरूर ठेवावी. मात्र नवखा माणूस वर-खाली बाण दाबून जो नियम शिकला, तोच त्याला डावी-उजवीकडेही मिळावा. लिहिणाऱ्याचं लक्ष विचारांवर असतं; तो विचार पोटातल्या ओळींसकट जपणं हे एडिटरचं काम आहे.